कोअर नॉलेजचे ‘ऐकून शिकायचे’ घटक: वाचनाचं आकलन वाढवायला कितपत कामाचे?

“वारा पडला होता. शिडं लोंबत होती. कप्तानानं वल्ही बाहेर काढायला सांगितली.”

चौथीतली बहुतेक मुलं ही तीन वाक्यं न अडखळता वाचतात. पण वल्ही का काढली, असं विचारलं की वर्गाचे सरळ दोन भाग पडतात. शिडाचं जहाज वाऱ्यावर चालतं हे ज्यांना ठाऊक आहे, ती मुलं लगेच उत्तर देतात. बाकीची पुन्हा मजकुरात डोकं घालतात आणि तिथं त्यांना काहीच सापडत नाही, कारण ‘वारा नसल्यामुळे जहाज थांबलं’ असं लेखकानं कुठंच लिहिलेलं नाही. प्रत्येक लेखक अशा जागा वाचकावर सोडून देतो. त्या भरण्यासाठी लागतं ते पूर्वज्ञान, आणि ‘मुख्य कल्पना शोधा’ची कितीही पानं सोडवली तरी ते तयार होत नाही.

हे पूर्वज्ञान ठरवून आणि क्रमानं उभं करण्यासाठी जे तयार साहित्य उपलब्ध आहे, त्यात ‘कोअर नॉलेज लँग्वेज आर्ट्स’ हा अभ्यासक्रम सगळ्यात नेटका वाटतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ई. डी. हर्श यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या कोअर नॉलेज फाउंडेशननं तो तयार केला. पुढच्या आवृत्त्या अ‍ॅम्प्लिफाय ही कंपनी विकते. पहिली आवृत्ती मात्र फाउंडेशनच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येते. हे परीक्षण त्या पहिल्या आवृत्तीचं आहे, आणि त्यातही किंडरगार्टन ते दुसरीच्या ‘ऐकून शिकायच्या’ घटकांचं. याच अभ्यासक्रमाची दुसरी बाजू अक्षर-उच्चार आणि स्पेलिंगची आहे. ती इंग्रजी लिपीसाठीच बांधलेली असल्यानं इतर भाषांच्या वर्गांना तिचा उपयोग नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो: साहित्य जरूर घ्यावं, पण फुटकळ पाठ उचलू नयेत. याची सगळी किंमत एकाच विषयावर सलग दोन-तीन आठवडे राहण्यात आणि घटकांच्या क्रमात आहे. सोमवारी पेंग्विन, मंगळवारी पिरॅमिड, बुधवारी प्लॅस्टिक अशी निवड केली, तर हातात चांगल्या चित्रांच्या पीडीएफ उरतात, एवढंच.

काय मिळतं

किंडरगार्टनसाठी १२, पहिलीसाठी ११ आणि दुसरीसाठी १२, असे एकूण ३५ घटक आहेत. प्रत्येक घटकात शिक्षकानं मोठ्यानं वाचून दाखवायचे साधारण आठ ते बारा पाठ, प्रत्येक पाठाची क्रमांक घातलेली चित्रं, प्रश्न, शब्दांचं काम, मधला ‘थांबा’ (घटकाच्या मध्यावर मागं वळून पाहण्याचा दिवस), उजळणी आणि चाचणी असते. मुलांच्या हातात मजकूर दिलेला नाही, आणि तो मुद्दामच दिलेला नाही. या वयात मुलाला ऐकून जे समजतं ते त्याला स्वतः वाचून समजणाऱ्या मजकुरापेक्षा बरंच वरच्या पातळीचं असतं. जे मूल अजून ‘कमळ बघ’ वाचतंय, त्याला रक्ताभिसरण ऐकून नीट कळतं. वाचायला येईपर्यंत ज्ञान थांबवून ठेवलं, तर पुढे चौथी-पाचवीत भूगोल-विज्ञानाचे धडे समोर येतात तेव्हा झालेलं नुकसान दिसतं.

पहिली-दुसरीत एका पाठाला दिवसाची ६० मिनिटं धरलेली आहेत. पहिली १० मिनिटं ओळख आणि आदल्या पाठाची आठवण, नंतर १५ मिनिटं वाचन, त्यानंतर १५ मिनिटं चर्चा. या १५ मधली पाचेक मिनिटं एकाच शब्दाला दिलेली असतात. मग खंड आणि दिवसात पुढे कधीतरी २० मिनिटांचं विस्तारकाम: चित्र काढून खाली ओळ लिहिणं, तक्ता भरणं, क्रम लावणं, पुन्हा सांगणं.

शब्दाच्या त्या पाच मिनिटांची रचना सगळ्यांनी उचलावी अशी आहे. पहिलीच्या ‘प्राणी आणि अधिवास’ या घटकातला वाळवंटाचा पाठ मराठीत घेतला आणि ‘जुळवून घेणं’ हा शब्द निवडला, तर काम असं चालतं. आधी पाठातलं वाक्य पुन्हा म्हणायचं: “निवडुंगानं कोरड्या हवेशी जुळवून घेतलं आहे.” मग वर्गानं शब्द एकदा मोठ्यानं म्हणायचा. नंतर सोप्या शब्दांत अर्थ: आजूबाजूच्या परिस्थितीत टिकता यावं म्हणून बदलणं. पुढे शिक्षकाचं एक उदाहरण, पाठातल्यापेक्षा वेगळ्या प्राण्याचं. मग मुलांची उदाहरणं, तीही पूर्ण वाक्यात, निवडलेला शब्द वापरूनच. अर्धवट उत्तर आलं तर शिक्षक ते पूर्ण वाक्यात म्हणून दाखवतो आणि मुलाला पुन्हा म्हणायला लावतो. शेवटी छोटी निवड: “ध्रुवीय कोल्ह्याची लोकर हिवाळ्यात पांढरी होते” यात जुळवून घेतलं की नाही? “दगड उन्हात तापला” यात? दुसऱ्या वाक्यावर वर्ग अडतो आणि तिथंच अर्थाची हद्द पक्की होते. शब्द पाठ करून घेण्यात हे घडत नाही.

दोन घटक जवळून

पहिलीचा ‘मानवी शरीर’ हा ३५ घटकांमधला सगळ्यात घट्ट विणलेला घटक. डॉ. वेलबॉडी नावाचं एक पात्र मुलांना अस्थिसंस्था, स्नायू, पचन, रक्ताभिसरण आणि मज्जासंस्था अशी एकेक संस्था सांगत जातं. हाडांच्या पाठात सांधा येतो आणि स्नायूंच्या पाठात तोच सांधा कोण हलवतं ते कळतं. पचनात तयार झालेलं पोषण पुढच्या पाठात रक्त वाहून नेतं. प्रत्येक नवा पाठ आदल्या पाठावर उभा राहतो, त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी मुलांचे प्रश्नच बदलतात. ‘हे काय आहे?’ मागं पडतं आणि ‘मग हे नसलं तर?’ सुरू होतं. पुढे जंतू आणि लसीकरण, त्यासोबत पाश्चर आणि जेन्नर. दुसरीत याच विषयाचा पुढचा घटक पेशींपासून सुरू होतो आणि सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या जगाबरोबर लेव्हेनहुकची ओळख करून देतो. पहिलीचा घटक वगळून थेट हा घेतला, तर ऊती आणि अवयव हे शब्द नुसते हवेत राहतात.

या घटकात एक पाठ बदलावाच लागेल. आहाराचा पाठ अन्नपिरॅमिडवर बेतलेला आहे, आणि अमेरिकेतच २०११ मध्ये पिरॅमिडच्या जागी ताटाचं चित्र आलं. तेव्हा तो पाठ काढून आजच्या पोषणमार्गदर्शनावरून नवा लिहावा.

दुसरीचा ‘कीटक’ घटक आठ पाठांचा आहे आणि त्यात कीटक स्वतःच बोलतात. मजा तर आहेच, पण रचनाही हुशार आहे. पहिल्या दोन पाठांत कीटक कशाला म्हणायचं ते पक्कं होतं: तीन भागांचं शरीर, सहा पाय, बाह्यकंकाल (म्हणजे शरीराबाहेरचं कडक कवच). मग जीवनचक्र. त्यानंतर दोन पाठ समूहात राहणाऱ्या कीटकांचे, एक मधमाश्या-गांधीलमाश्यांचा आणि दुसरा मुंग्या-वाळवीचा. दुसऱ्या पाठापर्यंत वर्गाला ‘राणी’, ‘कामकरी’, ‘वसाहत’ हे शब्द माहीत झालेले असतात, त्यामुळे मुलांचं लक्ष वाळवी मधमाशीहून कशी वेगळी, या तुलनेवर मोकळेपणी जातं. विषयावर टिकून राहण्याचा हाच फायदा. पहिल्या पाठात नव्या शब्दांना द्यावं लागलेलं लक्ष चौथ्या पाठात विचारासाठी मोकळं होतं.

क्रमाचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण ग्रीसचं. दुसरीत ‘प्राचीन ग्रीक संस्कृती’ आधी येते आणि ‘ग्रीक पुराणकथा’ लगेच नंतर. कथा रंजक म्हणून अनेक जण थेट त्यांच्यावर उडी मारतात. मग नगरराज्य, ऑलिंपस, देवांचे मानवी हेवेदावे हे सगळं कथा थांबवून समजावत बसावं लागतं आणि कथेचा जीव जातो.

वर्गात कुठं बिघडतं

सगळ्यात जास्त बिघाड त्या १५ मिनिटांच्या वाचनात होतो. पानाच्या कडेनं शब्दार्थ, प्रश्न, ‘इथं थांबा’ अशा सूचना भरपूर आहेत. नवा शिक्षक त्या सगळ्या पाळतो. वाचन अर्ध्या तासाचं होतं आणि गोष्टीचा धागा तुटतो. पाठ आदल्या दिवशी एकदा मोठ्यानं वाचून पाहावा आणि तीन किंवा चारच थांबे ठरवून पेन्सिलीनं खूण करावी. थांबा तिथंच घ्यावा जिथं न समजता पुढे गेलं तर पुढचा परिच्छेद कोसळेल. बाकी शब्दांना वाचता वाचता चार शब्दांत अर्थ जोडावा (“अन्ननलिका, म्हणजे घशापासून पोटापर्यंतची नळी”) आणि पुढे जावं.

चित्रांचीही अशीच गडबड होते. चित्र त्याच्या वाक्याच्या वेळी दाखवायचं असतं. आधीच सगळी दाखवली की मुलं चित्रांवरून अंदाज बांधतात आणि ऐकणं सोडून देतात. प्रोजेक्टर नसेल तर जाड कागदावर मोठी छापून क्रमानं गठ्ठा लावावा. काळ्यापांढऱ्या छापील प्रतीत रक्ताभिसरणाचं चित्र निरर्थक होतं, तेवढं तरी रंगीत हवं.

चर्चेत नेहमीचीच चार मुलं हात वर करतात. प्रश्न विचारल्यावर आधी जोडीत मिनिटभर बोलू द्यावं आणि मग कुणाचंही नाव घ्यावं. “कोणते दोन प्राणी?” या प्रकारचे आठवणीचे प्रश्न पुस्तकात भरपूर आहेत. त्यातले निम्मे गाळून “का” आणि “नाहीतर काय झालं असतं” विचारलं, तर तेवढ्याच वेळात जास्त काम होतं.

वेळ कमी पडला की बहुतेक ठिकाणी २० मिनिटांचं विस्तारकाम कापलं जातं. ते कापू नये. ऐकलेलं ज्ञान टिकतं ते मूल स्वतः ते सांगतं, काढतं, लिहितं तेव्हा. रोज ६० मिनिटं मिळतच नसतील तर एक पाठ दोन दिवसांत करावा: पहिल्या दिवशी ओळख आणि वाचन, दुसऱ्या दिवशी धावती उजळणी, चर्चा, शब्द आणि विस्तारकाम. वर्षाला १२ ऐवजी सहा घटक होतील. सहा नीट झालेले घटक पुरेसे आहेत.

मधला ‘थांबा’ म्हणजे एक दिवस मागं वळण्यासाठी. तो वगळला, तर ज्या मुलांच्या डोक्यात दिवस-रात्र आणि ऋतू यांची सरमिसळ झालेली असते, ती घटक संपेपर्यंत तशीच राहते. त्या दिवशी वर्गाकडून तक्ता तोंडी भरून घ्यावा. चुका आपोआप वर येतात.

साहित्यातलेच दोष

चाचण्या कमकुवत आहेत. शिक्षक वाक्य वाचतो आणि मूल हसऱ्या किंवा नाराज चेहऱ्याभोवती गोल काढतं. निव्वळ अंदाजानं निम्मे गुण मिळतात. त्याऐवजी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, शब्द वेगळे काढणं: विषयाशी संबंधित १२ आणि असंबंधित ८ शब्द मिसळून द्यायचे आणि संबंधित शब्दांना खूण करायला सांगायची. हे घटकाआधी आणि घटकानंतर, दोन्ही वेळा. तीन मिनिटांचं काम आहे. असंबंधित शब्द अगदीच लांबचे नकोत. कीटकांच्या यादीत ‘खवले’ आणि ‘चोच’ असावेत, ‘टेबल’ नको. याच पद्धतीनं केलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात (२०१९, ३,५३४ हायस्कूल विद्यार्थी, विषय परिसंस्था) असं दिसलं की ज्ञानचाचणीतले गुण सुमारे ५९ टक्क्यांच्या खाली असले, तर ज्ञान आणि आकलन यांचा संबंध क्षीण राहतो आणि त्या रेषेच्या वर तो ठळक होतो. तो आकडा त्या चाचणीचा आणि त्या वयाचा आहे, प्राथमिक वर्गाला जसाच्या तसा लावू नये. पण थोडंसं ज्ञान देऊन सोडण्यापेक्षा ते एका पातळीपर्यंत नेलं पाहिजे, हा बोध घ्यावा.

दुसरी गोष्ट, त्याच विषयावरचा पण न ऐकलेला मजकूर. आणि इथं या साहित्याचा सगळ्यात मोठा दोष समोर येतो. किंडरगार्टन ते दुसरीपर्यंत मुलं जे ऐकतात आणि जे स्वतः वाचतात, त्यांचे विषय बहुतांशी वेगळे आहेत. वाचनाची पुस्तकं अक्षरओळखीच्या क्रमानं लिहिलेली आहेत, ज्ञानाच्या क्रमानं नाहीत. तिसरीपासून दोन्ही बाजू एकत्र येतात. तोपर्यंत मूल मधमाश्यांबद्दल भरपूर जाणतं, पण मधमाश्यांबद्दल वाचत काहीच नाही. कमावलेलं ज्ञान वाचनात वापरायची संधीच मिळत नाही.

यावर उपाय शिक्षकालाच करावा लागतो, पण तो अवघड नाही. प्रत्येक घटकासाठी १०० ते १५० शब्दांचे तीन छोटे मजकूर लिहावेत: एक घटकाच्या मध्यावर, एक शेवटी, एक महिन्याभरानं. ‘कीटक’ झाल्यावर उदाहरणार्थ चतुराबद्दल लिहावं, म्हणजे ओळखीच्या चौकटीतला अनोळखी जीव. मजकुरात एक जागा मुद्दाम रिकामी ठेवावी: “चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात. तळं आटलं आणि त्या वर्षी चतुर फारसे दिसले नाहीत.” का, ते सांगू नये, विचारावं. ज्याला जीवनचक्र समजलं आहे तो उत्तर देईल. हे उत्तर आलं की घटक जमला असं समजायला हरकत नाही.

तिसरा मुद्दा विषयांचा. ३५ पैकी ११ घटक अमेरिकेच्या इतिहासाचे आणि समाजाचे आहेत: वसाहतकाळातली गावं, राष्ट्राध्यक्ष, १८१२ चं युद्ध, पश्चिमेकडचा विस्तार, यादवी युद्ध वगैरे. तिथल्या मुलांसाठी ते योग्यच आहेत. इतरांनी ते काढून तिथं खड्डा ठेवू नये. त्याच सांगाड्यावर आपल्या देशाच्या इतिहासाचा घटक बांधावा: आठ पाठ, एक धागा, पाठाला एक शब्द, मध्ये थांबा. मेहनत मोठी आहे, दोन-तीन शिक्षकांनी वाटून घेतली तरच होते.

दुसऱ्या भाषेत उतरवताना

परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे: श्रेय द्यायचं, व्यापारी वापर करायचा नाही आणि बदललेलं साहित्य त्याच अटींवर पुढे द्यायचं. म्हणजे भाषांतराला मोकळीक आहे. बडबडगीतांचा घटक भाषांतराच्या फंदात न पडता सोडून द्यावा, आपल्या भाषेतली गीतं घ्यावीत. विज्ञानाचे घटक सगळ्यात सहज उतरतात. आधी पूर्ण घटक वाचून १५ ते २० संज्ञांची यादी करावी आणि त्यांचे प्रतिशब्द वरच्या इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांतून घ्यावेत. मूल पुढे ‘रूपांतरण’ वाचणार असेल तर आज त्याला ‘रूपांतरण’च ऐकू द्यावं, स्वतःचा नवा शब्द घडवू नये. वाक्यं आपल्या बोलण्याच्या लयीत आणावीत, पण ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तरीही’ हे जोड गाळू नयेत. सोपं करण्याच्या नादात बहुधा हेच पहिल्यांदा जातात, आणि कारण-परिणाम त्यांच्यावरच टांगलेला असतो.

पुरावा कितपत?

पूर्वज्ञानाचा परिणाम दाखवणारा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग रेख्ट आणि लेस्ली यांचा, १९८८ चा. सातवी-आठवीची ६४ मुलं, बेसबॉलच्या खेळाचं वर्णन करणारा मजकूर आणि तो प्रसंग मांडून दाखवायला मैदानाची प्रतिकृती. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. यावरून ज्ञानाचं महत्त्व सिद्ध होतं, पण एखाद्या अभ्यासक्रमाचं नाही. कोअर नॉलेजसाठी २०२३ मध्ये आलेला कोलोरॅडोचा अभ्यास जास्त महत्त्वाचा आहे. तिथल्या नऊ शाळांत प्रवेश सोडतीनं झाले होते. सोडत लागून या शाळांत गेलेल्या मुलांची तिसरी ते सहावीतल्या वाचन चाचणीत साधारण १६ पर्सेंटाइल गुणांची आघाडी दिसली. मात्र त्या शाळांनी पूर्ण अभ्यासक्रम वर्षानुवर्षं राबवला होता आणि शाळाही वेगळ्या धाटणीच्या होत्या. फक्त वाचून दाखवायचे घटक घेऊन तेवढा फरक पडेल, असं त्यातून निघत नाही. एका सत्रात चाचणीचे गुण चढतील म्हणून कुणी हे साहित्य घेणार असेल, तर घेऊ नये. शिकवलेल्या विषयावरचं आकलन काही आठवड्यांत सुधारताना दिसतं. कुठल्याही मजकुराचं आकलन सुधारायला बरेच विषय साठावे लागतात, आणि त्याला वर्षं जातात.

तिसरीच्या पुढच्या वर्गांनी हे घटक घेण्यापेक्षा याच फाउंडेशनची इतिहास-भूगोल आणि विज्ञानाची मोफत वाचनपुस्तकं पाहावीत. तिथं मुलं स्वतः वाचतात. रोज दहाच मिनिटं हाताशी असतील, तर रीडवर्क्स या मोफत संकेतस्थळाचा ‘रोज एक लेख’ हा प्रकार बरा: एका विषयावरचे छोटे लेख ओळीनं वाचायचे आणि लक्षात राहिलेलं वहीत नोंदवायचं. खोली कमी मिळते, पण विषय टिकून राहतो.

सुरुवात करायची तर पहिलीच्या वर्गात ‘मानवी शरीर’ आणि दुसरीच्या वर्गात ‘निसर्गातली चक्रं’ घेऊन मग ‘कीटक’. ‘चक्रं’मध्ये बेडकाचं जीवनचक्र होऊन जातं आणि कीटकांचं मग निम्म्या वेळात कळतं. पहिला पाठ घेण्याआधी पूर्ण घटक छापून, वाचून, थांब्यांच्या खुणा करून ठेवाव्यात. एकट्या शिक्षकाला याला दोन सुट्टीचे दिवस लागतात असं धरून चालावं.